घंटी जात होती

आबा, आज सकाळपासून माझ्या मोबाइलला रेंज नाही. नातू पुण्याला आहे, काल अंगात ताप आहे म्हणाला होता, आणि मी तीनदा गच्चीवर जाऊन आलो. सून म्हणते, "नाना, टॉवरचं काम चालू असेल. कशाला जिवाला घोर लावून घेता?" तिला काय सांगू? सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, लिहिताना अडखळतो. पण फोन बंद पडला की मला तुम्ही दिसता, म्हणून लिहायला बसलो.

जळगावला राहत्या घरातच मोटार वायंडिंगचं दुकान काढलं आणि पाच वर्षं नंबर लावून एकदाचा फोन आला, तेव्हा तुम्ही धुळ्याजवळच्या आपल्या गावाहून एसटीने मुद्दाम पोराचा फोन बघायला आला होतात. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरलात आणि म्हणालात, "आते तू माले रोज सापडशी." मग गावातल्या खताच्या दुकानातून तुमचे फोन सुरू झाले. म्हैस व्याली, फोन. शेजाऱ्याने बांध कोरला, फोन. इकडे रावेरच्या गिऱ्हाइकाची विहिरीवरची मोटार जळालेली, केळी माना टाकताहेत, तो माणूस लाइन मिळावी म्हणून तडफडतोय, आणि तुम्ही मला विचारताय, "जेवना का?" एक दिवस मी ओरडलो तुमच्यावर. म्हणालो, दोन घंट्या द्या आणि ठेवून द्या. मला कळेल तुम्ही आहात, वेळ मिळाला की मीच खताच्या दुकानावर फोन करीन. तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. तेव्हापासून तुमच्या दोन घंट्या यायच्या. कधी मी लगेच फोन करायचो, कधी संध्याकाळी, कधी राहूनच जायचं.

त्या श्रावणात आमच्या रस्त्यावर पाण्याचा पाइप टाकायला खोदकाम झालं आणि फोन मुका झाला. रोज टेलिफोन ऑफिसात जायचं, तक्रारीच्या वहीत नंबर लिहायचा, "लाइनमन येईल" एवढं ऐकून परत यायचं. चौथ्या दिवशी खिडकीतल्या बाबूने माझ्यादेखत माझा नंबर फिरवला आणि म्हणाला, "चालू तर आहे तुमचा. घंटी जातेय."

"साहेब, ती तुमच्या कानात जातेय. माझ्या टेबलावर काही वाजत नाही."

"मग घरात कोणी उचलत नसेल."

"उचलणारा तुमच्यापुढे उभा आहे ना!"

रांग हसली. मागचा एक म्हातारा म्हणाला, "भाऊ, माझा महिना झाला मुका आहे. तुम्ही नवीन दिसता इथे." मीही हसलो. लाइन मेली असली तरी लावणाऱ्याला घंटी ऐकू येते, हे मला त्या खिडकीपाशी समजलं.

दहाव्या दिवशी गावचा माणूस मोटारसायकलवर निरोप घेऊन आला. मी पोचलो तेव्हा तुम्हाला अंगणात ठेवलं होतं. तेरावं झाल्यावर खतवाला माझ्याजवळ येऊन बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, आबा आठ दिवस रोज येत होते. छातीत कळा यायच्या. पोराने जळगावच्या दवाखान्यात न्यावं, एवढंच सांगायचं होतं त्यांना. दोन घंट्या द्यायचे, ठेवून द्यायचे आणि दुकान बंद होईपर्यंत बाकड्यावर बसायचे. मी म्हटलं, आबा, पुरी वाजू द्या, नाहीतर चला, मी नेतो धुळ्याला. तर म्हणायचे, 'घंटी जास ना, मंग पोऱ्यानी ऐकेल व्हई. काममा व्हई तो. करी फोन.'"

माझा फोन त्यानंतर आठवड्याने सुरू झाला. पहिली घंटी वाजली तसा धावत जाऊन उचलला. पलीकडे ऑफिसातला माणूस विचारत होता, "झाला का चालू?" मी त्याला तोंडाला येईल ते बोललो. नंतर त्या खिडकीशी जाऊन भांडलो, रडलो, लोकांनी मला धरून बाहेर नेलं. सगळ्या नातेवाइकांत हेच ठरलं की टेलिफोनवाल्यांनी घात केला. मीही तेच सांगत आलो. तुमची सून गेली, तिलाही शेवटपर्यंत तेच ठाऊक होतं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणूनच लिहवतंय. घंटीचं ते कळून ऑफिसातून आलो त्याच दुपारी मी रावेरच्या गिऱ्हाइकांना केळीच्या ट्रकवाल्यांबरोबर चिठ्ठ्या धाडल्या होत्या: फोन बंद आहे, घंटी ऐकून फसू नका. धुळ्याच्या एसटीच्या ड्रायव्हरबरोबर तुम्हालाही एक देता आली असती. घाईत सुचलं नाही, असं मी विचारणाऱ्यांना सांगतो. सुचलं होतं, आबा. कागदही घेतला होता. पण तेवढेच चार दिवस तुमची कटकट नाही, असं मनात आलं, आणि मी पेन खाली ठेवलं.