जिला अडवायचं नाही

बाबा,

आज मी तुमच्या नातीला मुद्दाम मार खाताना बघितलं. मुद्दाम हा शब्द विचार करून लिहितेय. घरी आल्यावर चहा केला, तो गार झाला, गरम केला, परत गार झाला. तुम्ही गेलात तेव्हा ही जन्मलीही नव्हती, म्हणून आधी तेवढं सांगते. तुम्हाला एक नात आहे. अकरावीत आहे, तुमच्यासारखीच कमी बोलते, आणि इथे कॅनडात, एडमंटनच्या मुलींच्या एका टीममध्ये फुटबॉल खेळते. आपला पायानं मारायचा फुटबॉल नव्हे. इथला फुटबॉल म्हणजे लांबुळका बॉल काखेत दाबून पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर येऊन तुम्हाला आडवं पाडायचं. डोक्याला हेल्मेट असतं, खांद्यांना जाड गाद्या असतात, तरी आपटल्याचा आवाज येतोच. तो आवाज मी आज पहिल्यांदा जवळून ऐकला.

आतापर्यंत तिला सामन्यांना तुमचे जावई न्यायचे. मला त्यातलं काही कळत नाही असं म्हणून मी सुटका करून घ्यायची. ते कामासाठी हॅलिफॅक्सला गेलेत म्हणून आज मी गेले. आणि खरं सांगू का, मी ठरवूनच गेले होते. गेल्या आठवड्यात ती टॉवेल गुंडाळून खोलीत जाताना तिच्या बरगडीवर तळहाताएवढा निळा डाग दिसला. डॉक्टर म्हणाली, काही नाही, नुसता मुका मार आहे. नुसता म्हणे. तेव्हाच मी ठरवलं की सामना संपला की कोचला गाठायचं आणि सांगायचं, पुरे झालं, माझी मुलगी उद्यापासून येणार नाही. तिथे उगाच त-त-प-प व्हायला नको म्हणून इंग्रजी वाक्यंसुद्धा गाडीत पाठ केली होती.

त्यांची कोच साठीच्या पुढची बाई आहे, शेजारच्या सस्कॅचवान प्रांतात शेतावर वाढलेली, आवाज असा की मैदानाच्या त्या टोकाला ऐकू जावा. मे महिना लागला तरी कुंपणाशी मळकट बर्फाचा ढीग होता आणि बाई हाफ पँटमध्ये उभी होती. मी नवी दिसले म्हणून स्वतःहून बोलायला आली. म्हणाली, बाकीच्या टीम बॉल लांब फेकतात, आमच्यात कुणाला फेकता येत नाही आणि मुलीही अंगानं बारीक, म्हणून आम्ही जुनी पद्धत खेळतो, विशबोन. म्हणजे कोंबडीच्या छातीतलं ते दोन फाट्यांचं हाड. तुम्ही शाकाहारी, तुमच्यासाठी बेचकी म्हणते. बेचकीच्या दांड्याच्या टोकाला बॉल हातात घेऊन तुमची नात, तिच्या मागे एक मुलगी, आणि त्या मुलीच्या मागे दोन फाट्यांच्या टोकांना आणखी दोघी. बॉल कुणाला द्यायचा की आपणच घेऊन पळायचं, हे तिनं पळता पळता ठरवायचं. इथपर्यंत मला समजलं. मग बाई म्हणाली की समोरची जी सगळ्यात दांडगी पोरगी आहे, तिला आम्ही अडवतच नाही.

मला वाटलं माझंच इंग्रजी चुकतंय. मी परत विचारलं. बाईनं हसून हळू हळू सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. "जिला अडवता येत नाही तिला अडवायच्या भानगडीत पडायचं नाही. तिला मोकळं सोडायचं. ती बाजूनं धावणारीच्या मागे गेली, तर बॉल तुझ्या मुलीनं ठेवायचा. ती तुझ्या मुलीवर आली, तर बॉल धावणारीकडे टाकायचा." मी विचारलं, टाकल्यावर माझ्या मुलीचं काय? बाई म्हणाली, "तिला मार बसतो." उद्या ऊन पडेल म्हणावं इतक्या सहज म्हणाली. मला इतके दिवस वाटायचं की खेळात लागतं ते चुकून लागतं. हिला लागतं ते ठरवून, बेत आखून, आणि तो बेत माझ्याच पोरीच्या अंगावर रचलेला. मी तेव्हाच तिला हाताला धरून गाडीत बसवायला हवं होतं, पण शिट्टी वाजली.

आता बघा, तुमची नात बॉल घेऊन कडेकडेनं पळतेय. तिच्या उजवीकडे, थोडी मागे, दुसरी एक मुलगी पळतेय. आणि समोरून ती दांडगी येतेय, मोकळी, कुणी हात लावत नाही तिला. मी मनात म्हणतेय टाक, अगं टाक आता. ती टाकत नाही. बॉल छातीशी धरून सरळ त्या पोरीकडे बघत तिच्यावरच चाललीय. एक पाऊल, अजून एक. ती पोरगी झेपावते आणि अगदी त्या क्षणी हिच्या हातातून बॉल सुटतो, बाजूला, हळुवार. मग तो आवाज. सगळे लोक उभे राहून ओरडताहेत, कारण ती दुसरी मुलगी मोकळ्या मैदानातून पळत सुटलीय, तिच्यापुढे कुणी नाही. आणि माझी पोर पाठीवर पडलीय. मी बाकावरून उठले, पायऱ्या उतरले, आणि मध्येच कठडा धरून थांबले, कारण पोरीचं ते थांबून राहणं मी आधी कुठेतरी पाहिलं होतं. टाकता येत असताना न टाकता अंगावर येऊ देणं. बाबा, ते मी आपल्या नागपूरच्या घरात पाहिलं होतं.

मोठ्या काकांनी आणलेलं ते स्थळ. आई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, घरात आपण दोघंच, आणि घरातलं सगळं मोठे काका ठरवायचे. त्यांनीच तुम्हाला वाढवलं, शिकवलं, वीज मंडळात चिकटवलं. त्यांच्यापुढे तुम्ही कधी मान वर केली नाही, लोक तुम्हाला गरीब गाय म्हणायचे. मला इथल्या युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता, आणि काकांनी सांगून टाकलं होतं की आधी लग्न, मग त्या घरचे काय ते ठरवतील. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. पाहुणे आलेत. मी स्वयंपाकघरात पोह्यांच्या बशा भरतेय. बाहेर काका म्हणताहेत, पोरीला बाहेर कशाला बोलवायचं, मीच आत जाऊन विचारतो, माझ्या शब्दाबाहेर नाही ती. त्यांची पावलं ऐकू येताहेत. मी हो म्हणणार होते, बाबा. मला माझी खात्री आहे, मी त्यांच्या तोंडावर नाही म्हणूच शकले नसते. ते दाराच्या चौकटीशी पोचले आणि तुम्ही बाहेरून बोललात, "दादा, पुरे झालं. हे माझं घर आहे. उठा सगळे आणि चालते व्हा." पाहुण्यांसमोर. ज्यांनी तुम्हाला हाताला धरून शाळेत घातलं त्यांना.

काका दारातून वळले. मग जे झालं ते मी थोडंच ऐकलं, कारण तुम्ही त्या गदारोळातून मान लांब करून मला म्हणालात, "तू काय करून राहिली इथं? जा, मैत्रिणीकडे जाऊन ये." मी मागच्या दारानं गेले. परत आले तेव्हा घरात कुणी नव्हतं आणि तुम्ही मोरीत बसून कपबशा विसळत होतात. मी विचारलं, बाबा, हे काय करून बसलात? तुम्ही म्हणालात, "डोकं फिरलं माझं. पोहे चांगले झाले होते." लग्नाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. काढणार कोण, सगळे तुमच्यावर भडकलेले. माझ्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती आणि मी पावसाळा संपायच्या आत विमानात बसले. काका तुमच्याशी पुन्हा बोलले नाहीत. तुम्हाला पोचवायलाही आले नाहीत. आणि मी ही गोष्ट इतकी वर्षं इथल्या मराठी मंडळींना हसून हसून सांगत आले, की आमचे बाबा म्हणजे देवमाणूस, पण एकदा काय डोकं फिरलं त्यांचं.

आज त्या कठड्याशी मला तुमचं त्या दिवशी सकाळचं एक वाक्य आठवलं. तुम्ही म्हणाला होतात, तुझ्या चपला मागच्या दाराशी ठेव, पुढे पाहुण्यांच्या जोड्यांची गर्दी होईल. पाहुणे चार होते, बाबा. चार माणसांच्या जोड्यांची कसली गर्दी?

सामना संपल्यावर मी कोचकडे गेले. पाठ केलेली सगळी वाक्यं तोंडाशी होती. आणि मी विचारलं, वॉशरूम कुठे आहे. गाडीत बसल्यावर पोर संत्रं सोलत होती, हनुवटीला माती तशीच. मी म्हटलं, अगं, ती अंगावर येणार हे तुला कळत असतं ना, मग बॉल आधीच टाकून मोकळं व्हावं, नुसतं पळण्याचं नाटक करावं. ती म्हणाली, "नो, आई. लवकर टाकला तर ती रनरकडे जाते. आणि नाटक केलं की तिला कळतं. आय हॅव टू मीन इट." मग संत्र्याची एक फोड माझ्यापुढे धरून म्हणाली, "आर यू क्रायिंग?" मी म्हटलं, ऊन लागतंय डोळ्यांना. बाहेर आभाळ भरलेलं होतं.

म्हणजे तुमचं ते सकाळीच ठरलेलं होतं, पण नाटक नव्हतं. तुम्ही काकांना जे बोललात ते अगदी मनातून बोललात, नाहीतर ते दारातून वळलेच नसते. आणि मनातून बोललात म्हणूनच ते कायमचे गेले. मला हे इतक्या वर्षांनी एका परक्या खेळाच्या मैदानावर कळावं याचा धक्का अजून ओसरत नाही. रागही आलाय, तोही सांगते. एका शब्दानं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं? पण सांगितलं असतंत तर मी गेले असते का? मग मी तिथेच, तुमच्या शेजारी उभी राहिले असते आणि दोघंही सापडलो असतो. मला काहीच माहीत नव्हतं म्हणून मी पळाले.

तिला टीममधून काढलेलं नाही. काढणारही नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा जाईन. ती बॉल सोडेल आणि सगळं मैदान धावणारीकडे बघायला लागेल, तेव्हा मी एकटी खाली पडलेलीकडे बघत राहीन, ती उठून उभी राहीपर्यंत. तुम्ही त्या दिवसानंतर कसे उठलात, उठलात का, ते मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. मी तेव्हा इथे पहिला बर्फ बघत होते, आणि तुम्हाला पाठवायला त्याचे फोटो काढत होते.