देवदूतासाठी उकडलेले गहू

गोर्न्या ब्रेझना,
२३ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय व्लास्तिमिर भाऊजी,

तुम्ही, जाऊबाई आणि मुली खुशाल असाल. आम्ही ठणठणीत. डोंगर घसरून घर गेलं तरी आम्ही चौघं वाचलो, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा सांगते की सून तियाना म्हणते, "आई, आता पाटीच लावा दारावर." पालिकेनं दिलेल्या पत्र्याच्या खोलीत शेगडी झकास पेटते. दोन पिंपं कोबी खारवलाय. मे महिन्यात तुम्ही आम्हाला न्यायला ट्रक घेऊन आलात तेव्हा जे झालं, त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

लिहायचंय ते परवाबद्दल. परवा स्लावा होता, आपल्या घराण्याच्या देवदूताचा दिवस. आठवडाभर आधीच ह्यांनी जाहीर केलं, "यंदा मेणबत्ती नाही. घर राखायला ठेवला होता त्याला, तर तो झोपला."

"माणसं राखली की!"

"आणि आलुबुखाराची झाडं?"

"पुन्हा लावू."

"तुझं बरंय, स्तामेना. देव म्हणजे तुझा मामाच."

"मग! तुमच्यापेक्षा तोच जास्त ऐकतो माझं."

बोलले खरी, पण मनात धास्ती होती. घरच्या कर्त्यानं मेणबत्ती पेटवली नाही तर पणजोबांपासून चालत आलेला स्लावा आमच्या हातून तुटणार. तरी वाद घातला नाही. पाव भाजला, मेणबत्ती आणि काडेपेटी ह्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, दिवस ज्याचा आहे तोच बघेल.

रस्ता खचल्यामुळे पाद्री येऊ शकले नाहीत, पण शेजारपाजारचे तेरा जण चिखल तुडवत आले. मेणबत्तीकडे कुणीच बघत नव्हतं, म्हणजे सगळेच बघत होते. तेवढ्यात तियाना मोठ्या ऐटीत ताट घेऊन आली. साखर-अक्रोड घातलेले उकडलेले गहू! तिच्या माहेरी संत निकोलसचा स्लावा, तिथे करतात. पण असे गहू गेलेल्यांसाठी असतात. आपला देवदूत कधी मेला?

म्हाताऱ्या पेर्सिदाबाईंनी तीनदा क्रुसाची खूण केली. "अगं पोरी, कुणाला पुरायला निघालीस?"

तियानाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि भाऊजी, हे हसायला लागले! सहा महिन्यांत पहिल्यांदा. "अख्खा डोंगर कोसळला तेव्हा मेला नाही, आणि आता माझी सून त्याला मारतेय!" डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले, आणि मग ते पाणी थांबेचना. शेवटी चमचाभर गहू तोंडात टाकून म्हणाले, "गोड झालेत. तो जिवंत आहे, आपणही आहोत. खाऊ या."

आणि उठून मेणबत्ती पेटवली. मोठ्यानं म्हणाले, "आम्ही चौघं आहोत. उपकार तुझे." मी सगळ्यांसमोर रडले. आनंदानं रडायला लाज कसली?

मग पाव. दोघांनी धरून फिरवायचा, वर वाइन ओतायची आणि मोडायचा. आमच्या लेकानं, नेनादनं, हात पुढे केला, तर हे म्हणाले, "थांब. ही बाजू काकाची." आणि एकट्यानंच फिरवला. अर्धी वाइन बाहीवर सांडली.

आता लिहायलाच हवं. "तुझं घर शाबूत आहे, तुला काय होतंय देव देव करायला! पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं हे तुम्हाला बोलले तेव्हा मी दारातच उभी होते. गप्प राहिले. नंतर सहा महिने तुम्हा दोघा भावांचं सगळं देवावर सोपवलं आणि मनाला समजावलं की हाच विश्वास. भाऊजी, तो विश्वास नव्हता, भित्रेपणा होता. एक शब्द माझ्याच वाट्याचा होता, तो मी बोलले नाही. मला माफ करा.

सोबत पावाचा अर्धा भाग आहे. ह्यांनी निरोप दिलेला नाही, स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. पण फडक्यात बांधला त्यांनीच, आणि टपाल कधी निघतं हे सकाळपासून तीनदा विचारून झालं. पोचेपर्यंत कडक होईल. वाइनमध्ये बुडवून खा, पण खा.

नुसती तुमच्या भावाची बायको म्हणून नाही, स्वतःच्या तोंडानं बोलणारी,
तुमची वहिनी
स्तामेना