विहीणबाईंचा नवा चष्मा

रविवार, संध्याकाळ. रत्नागिरी.

मुंबईहून माझा संजू आला. हल्ली त्याच्याकडेच राहणाऱ्या सासूलाही घेऊन आला. "जावईबापूंनी करून दिला," विहीणबाई नवा चष्मा दाखवत येता-जाता सांगतायत. माझ्या काचांवर नुसते चरे. पण फोनवर त्याने विचारलं की मीच म्हणते ना, दिसतं रे चांगलं. वर आज मलाच ऐकवलंन, "पदराने पुसतेस, म्हणून चरे पडतात."

विहीणबाई मागीलदारी हातपाय धुवायला गेल्या, तेव्हा त्यांचा चष्मा घालून पाहिला. नंबर जवळपास माझाच. पडवीत संजू बसला होता. कानाजवळचे केस पांढरे झालेत त्याचे. कधी झाले? मला आज दिसले. विहीणबाई रोज बघत असणार.