रूपेशला घातलेली शपथ

२४ नोव्हेंबर, सोमवार

साखळी उपोषणाचा बारावा दिवस. शहर वसवणाऱ्या महामंडळाच्या ऑफिसच्या गेटसमोर मांडव, रोज नवे पाच जण, सकाळी दहा ते पाच. पाचला लिंबूपाणी पिऊन घरी. साहेब गाडीतून जाताना आता चक्क हात करतात. ओळख झालीय ना आमची!

गावची अठरा घरं त्यांना गावठाणाच्या हद्दीबाहेर दिसतात. शेती त्यांच्या शहरात गेली, पोरं वाढली, मग घरं काय हवेत बांधायची होती? आमच्या दारावरही लाल रंगात तोडकामाचा नंबर घातलाय. आई रोज घासते. जात नाही.

रूपेश, माझा धाकटा भाऊ, जेवताना म्हणाला, "ताय, त्यांना तुझी भाषा कलत नाय. चार काचा फोरल्या का बघ, लगेच मीटिंग लावतीन." दोन वर्षांपूर्वी अशीच एक काच फोडून केस घेतलीय अंगावर. डोकं फिरलं माझं. त्याचा हात ओढून आईच्या डोक्यावर ठेवला — घे शपथ, हात उचलणार नाहीस! घेतली. ताट सोडून उठला. उन्नतीने, त्याच्या बायकोने, ते झाकून ठेवलं.

गावच्या बैठकीत केवढी बोलले होते मी. आपण मार खाऊ, मारणार नाही, लाज त्यांना वाटेल. कॉलेजच्या ऑफिसात नोकरी म्हणून लोक माझं ऐकतात. समोरच्याला लाज नसली तर काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

उद्याला नावं मिळेनात. पुरुष म्हणतात, कामावर किती खाडे करायचे?

२७ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बायका आपणहून आल्या! मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, उपास तसाही आहेच, मग मांडवात बसू. मलाही बरं वाटलं. मीच हौसेनं पाच नावं वहीत लिहिली.

दुपारी झेरॉक्सला गेले, आले तर वेणूबाईंचा डबा उघडा. साबुदाण्याची खिचडी. पाचही जणी खातायत, वर लिहिलंय 'उपोषण'! आणि ऑफिसच्या खिडकीतून एक जण मोबाइलवर शूटिंग करतोय.

ओरडले मी. वेणूबाई बिचारी घाबरून म्हणते, "आगो सुचिता, उपासाला खिचरी चालते ना? मी काय मासली खाल्ली?" पंच्याहत्तरीची बाई. तिला काय बोलणार? मीच सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

व्हिडिओ सगळीकडे. कॉलेजातल्या ऋतानं तिच्या खारघरच्या सोसायटीचा ग्रुप दाखवला. हसून हसून पडलेत लोक. साहेबांनी कशीबशी कबूल केलेली दहा मिनिटांची मीटिंगही रद्द केली. "सुचिताबाई, आधी पोटभर जेवून घ्या, मग बोलू."

मांडवात आज मी एकटी बसले. पोलिसाने आपणहून चहा आणून दिला. नाही घेतला. रडू येत होतं.

१ डिसेंबर, सोमवार

मांडववाला बांबू काढून घेऊन गेला. लग्नाची ऑर्डर आहे म्हणाला. मी अडवलं नाही. आता कशालाच अर्थ वाटत नाही.

३ डिसेंबर, बुधवार

सकाळी नऊला जेसीबी आले. दोन व्हॅन भरून पोलीस.

रूपेश दारात मांडी घालून बसला. उठ म्हणाले, उठला नाही. दांडके बसले पाठीवर. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. मी आईला धरून उभी. शेवटी चौघांनी उचलून बाजूला टाकलं.

स्वयंपाकघराची भिंत आत गेली. मांडणी, भांडी, देवघर, सगळं एकदम. नुसती धूळ आणि आईचा आवाज. त्या धुळीत दगड आला. जेसीबीवाल्याच्या डोळ्यावर. श्यामसुंदर नाव त्याचं, लातूरकडचा, पंचविशीचा असेल. बोटांतून रक्त गळत होतं आणि तो "आई गं, आई गं" करत होता.

कोणी मारला, म्हणून पोलीस ओरडले. रूपेश उठून म्हणाला, "मी." घेऊन गेले.

४ डिसेंबर, गुरुवार

कामोठ्याला मामाकडे आहोत. श्यामसुंदरचा डोळा वाचेल का, डॉक्टर सांगत नाहीत.

तोडकाम थांबवलं. अकरा घरं उरली. साहेबांचा फोन — सोमवारी मीटिंग, सगळ्यांनी या! पंधरा दिवस उपाशी बसलो तेव्हा दहा मिनिटं नव्हती त्यांना. एका दगडाने मिळाली. गावात पोरं रूपेशचा जयजयकार करतायत. मला तो ऐकवत नाही.

मामा म्हणाला, त्याचे हात शिवशिवणारच होते. आईने ताटाला हात लावला नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ. उन्नतीने तर माझे पाय धरले. "ताय, त्यांनी तुमचा शब्द मोडला, माफ करा." मी पाय मागे घेतले. काहीतरी बोलायला हवं होतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

दगड मी मारला. रूपेशने पाहिलं होतं, म्हणून तो माझ्याआधी बोलला. मी गप्प राहिले. आजही चौकीसमोरून दोनदा जाऊन परत आले.