पोपटी शर्ट

मुरुड, मंगळवार, संध्याकाळ

आज किहीमला निघायचं होतं, राहिलोच. लॉजवाल्या खालांचा जुना व्हीसीआर साफ केला आणि त्यांच्या वारलेल्या नवऱ्याने सौदीहून स्वतःचं शूटिंग करून पाठवलेली कॅसेट लावली. आवाज छान आला, पण चित्र काळं-पांढरं. मीच काही बिघडवलं की काय?

"पहिल्यापासून तशीच हाय रे," खाला म्हणाल्या. "ते सांगायचे, अंगात तू शिवलेला पोपटी शर्टच हाय. मी म्हणायची, झूठ!"

मोबाईलवर शोधलं. तिकडच्या कॅसेटचा रंग इथल्या मशीनला कळत नाही, एवढंच. शेजारच्या चाचांनी सौदीहून आणलेला टीव्ही-व्हीसीआर दोन्हीकडच्या कॅसेटी चालवतो, माळ्यावर पडलाय. उद्या तो साफ करायचा. किहीम कुठे पळतंय?

पण शर्ट पोपटीच निघेल ना? खालांनी तर त्या शर्टाच्या कापडाचा उरलेला तुकडा रंग ताडून बघायला आत्ताच कॅसेटवर काढून ठेवलाय.