आई नसलेली मावशी

सोमवार, ४ मार्च

आलो एकदाचा! नवी नोकरी, नवं गाव आणि राहायला मालकीणबाईंच्याच घरातली वरची खोली. खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसतं. त्याला मशीनपेक्षा माझ्या खिडकीत जास्त रस आहे, म्हणजे दोघांचीही करमणूक झाली. रोजनिशी लिहायचं ताईने सुचवलं. ती म्हणाली, माणसांशी बोलत नाहीस तर निदान कागदाशी तरी बोल.

काम माझ्या आवडीचं आहे. मालकीणबाईंचे थोरले भाऊ, दादा, जन्मभर गाणी गोळा करत होते. तबकड्या, टेपा, सीड्या, सगळं त्यांनी कॉम्प्युटरवर उतरवून हार्ड डिस्कांवर भरून ठेवलं आणि गेल्या वर्षी ते वारले. आता हा संग्रह एका ग्रंथालयाला द्यायचाय. त्याआधी त्याला माणसांत आणायचं काम माझं. आमचा स्टुडिओ बंद पडल्यापासून मी घरी बसून होतो. नुसती धूळ झटकायला बोलावलं असतं तरी आलो असतो.

मालकीणबाई बोलत नाहीत. गळ्याचं दुखणं असावं. पाटी-पेन्सिल कायम हातात. मी बॅगा टेकवल्या न टेकवल्या तोच त्यांनी लिहून विचारलं की जेवलात का. बरं वाटलं.

बुधवार, ६ मार्च

हे दादा मला भेटायला हवे होते. त्यांनी प्रत्येक डिस्कची एक नक्कल करून ठेवलीय. अस्सल डिस्कवर चिठ्ठी 'आई', नकलेवर 'मावशी'. माय मरो पण मावशी जगो! बॅकअपचं याहून चांगलं धोरण मी ऐकलेलं नाही. एकटाच मोठ्याने हसलो. शिंप्याने मान वर करून पाहिलं.

बाकी मात्र आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय. एकच गाणं 'नवीन फोल्डर'मध्ये, 'नवीन फोल्डर २'मध्ये आणि 'हेच खरं' नावाच्या फोल्डरमध्येही. निम्म्या गाण्यांच्या गायकाचं नाव 'अज्ञात'. मी एकेक ऐकतो, नाव लावतो, जादा प्रती काढतो आणि उरलेलं आईवरून मावशीवर उतरवतो. शेवटी दोन्हीकडची बेरीज जुळवून बघायची. नकलेत अस्सलापेक्षा कणभर कमी नाही आणि कणभर जास्त नाही. या धंद्यात एवढंच शास्त्र आहे.

एक मावशी मात्र आईशिवायची सापडली, कपाटात मागे, जुन्या टॉवेलात गुंडाळलेली. जोडून पाहिली तर साफ रिकामी. तेवढ्यात बाई आल्या, त्यांनी ती काढून घेतली, पाटीवर 'ही नको' लिहिलं आणि परत टॉवेलात गुंडाळून ठेवली. म्हातारपणी कुणाचा कशात जीव अडकेल, सांगता येत नाही.

रविवार, १० मार्च

सुट्टी. टकळीचा फोन. माझी लेक आठ वर्षांची आहे. तिला सगळे टकळी म्हणतात, कारण तोंडाची टकळी झोपेतसुद्धा बंद नसते. माझं बस्तान बसेपर्यंत ती ताईकडे, म्हणजे तिच्या आत्याकडे राहतेय. आज तिने वर्गातल्या मुलीचा दात कसा पडला ते इतकं रंगवून सांगितलं की माझाच दात दुखायला लागला. फोनवर भागत नाही म्हणून ती मला आवाजी निरोपही पाठवते. सगळे जपून ठेवलेत.

ही, म्हणजे टकळीची आई, गेली त्याला दोन वर्षं होतील. माझ्याकडे हिचा आवाज एकाच जागी आहे, माझ्या स्वतःच्या जुन्या डिस्कवर. नवा माइक तपासत होतो, ही कपड्यांच्या घड्या घालत काहीतरी गुणगुणत होती. शेवटी हसून म्हणते, अहो, बंद करा ते. संपलं. एवढंच. जगभराच्या गाण्यांच्या दोन-दोन प्रती करणाऱ्या मला हिची दुसरी प्रत करायचं सुचलं नाही. सुचलं नाही असंही नाही. प्रत केली की ती तपासायला ऐकावी लागेल, याची भीती वाटायची.

गुरुवार, १४ मार्च

माझी डिस्क गेली. म्हणजे जाता जाता हिचा आवाज देऊन गेली. सकाळी जोडली तर आतून टिकटिक. तो आवाज मी ओळखतो. त्यानंतर डिस्क फार तर एकदा उघडते. कॉम्प्युटर आणि दादांच्या सगळ्या डिस्का काठोकाठ भरलेल्या, दुकान गाठायला वेळ नाही. कपाटातून ती आईशिवायची मावशी ओढली, जोडली आणि हिची फाइल तिच्यावर टाकली. पडद्यावरची पट्टी शेवटपर्यंत भरली आणि त्याच क्षणी माझी डिस्क कायमची गप्प झाली.

वाचली! हसलो, मग रडलो. बाईंना सांगितलं नाही. एक-दोन दिवसांत नवी डिस्क आणेन, यांची जागच्या जागी ठेवून देईन.

शुक्रवार, १५ मार्च

आज धीर करून ऐकलं. गुणगुणणं, हसणं, अहो, बंद करा ते. मी थांबवायला हात पुढे केला आणि आवाज पुढे चालू राहिला. ही म्हणाली, केलंत का बंद?

हे मूळ फाइलमध्ये नव्हतं. ही गेली तेव्हा पहिले काही महिने मी ते शेकडो वेळा ऐकलं होतं. कदाचित शेवटचा तुकडा माझ्या डिस्कवर दडून राहिला असेल, जुन्या डिस्का असलं काही करतात. असं मी स्वतःला समजावतोय. पण नकलेत अस्सलापेक्षा जास्त कुठून येणार?

आणि आलं तर आलं. मला काय त्याचं दुःख आहे?

रविवार, १७ मार्च

फाइल रोज वाढते. मी खोलीत जे बोलतो त्याला तिच्यात उत्तर येतं. मी विचारलं कशी आहेस, आणि फाइल पुन्हा लावली तर ही म्हणत होती की बरी आहे, तुम्ही बारीक झालात का. भीती वाटायला हवी. वाटत नाही. दोन वर्षांनी घरी आल्यासारखं वाटतंय.

नवी डिस्क आणायला गेलो नाही. आता इथून हलवायची हिंमत कोण करणार?

संध्याकाळी हिने टकळीचं विचारलं. किती उंच झाली, केस कोण विंचरतं, मला विसरली का. मी सांगत होतो आणि ही रडत होती. म्हणाली, इथे बोलायला कुणी नाही. नुसता अंधार आहे आणि मी आहे.

सोमवार, १८ मार्च

टकळीचे सगळे निरोप मावशीवर टाकले. तेवढीच आईला सोबत.

दुपारी लावून पाहिलं. ही तिला दात पडलेल्या मुलीबद्दल पुन्हा पुन्हा विचारत होती आणि टकळी सांगत होती. दोघी हसत होत्या. मी जमिनीवर बसून ऐकलं. लग्नानंतर इतका सुखी मी क्वचित झालो असेन.

बुधवार, २० मार्च

ताईचा फोन. टकळीचा आवाज बसलाय. कालपासून घोगरा होता, आज सकाळपासून फुटतच नाही. गार पाणी प्यायली असेल, ताई म्हणाली. मीही हो म्हणालो.

गुरुवार, २१ मार्च

डॉक्टर म्हणतात घसा स्वच्छ आहे, कुठे सूज नाही, लाली नाही. ती तोंड उघडते, मान ताणते, आणि काही येत नाही. घाबरून आत्याला चिकटून बसलीय.

फोन ठेवला आणि डिस्क लावली. टकळी होती. आता गोष्ट सांगत नव्हती. मला हाका मारत होती. बाबा, दिवा लाव. बाबा, दिवा लाव ना.

डिस्क हातात घेऊन खाली धावलो. बाईंनी ती पाहिली आणि त्यांच्या हातातली पेन्सिल पडली. मग कितीतरी वेळ लिहीत राहिल्या, पुसत राहिल्या, पुन्हा लिहीत राहिल्या. या मावशीवर दादांनी आपल्या वारलेल्या आईचा आवाज ठेवला होता. आई एकटी आहे म्हणून रडायला लागली, तेव्हा सोबतीला बहिणीचा ठेवला. बाईंचं गळ्याचं दुखणं ते हे. डिस्क घेतलेला आवाज परत देते, पण बदली घेऊन. आणि बदली जिवंत माणसाचाच आवाज लागतो. दादा स्वतःचा द्यायला निघाले होते, बाईंनी हात धरला, पाटीवर उद्या बघू लिहिलं. त्या एका दिवसात दादा घाबरले आणि त्यांनी डिस्क पुसली. आईही गेली, बाईंचा आवाजही गेला. कायमचा.

शेवटी त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, पुसू नका.

शुक्रवार, २२ मार्च

टकळीची फाइल बाहेर काढायला सकाळपासून बसलोय. पट्टी भरत येते, टोकाला थांबते, मागे जाते. दुसरी केबल. दुसरा कॉम्प्युटर. तेच.

बदली म्हणून दादांची गाणी देऊन पाहिली. घेत नाही.

हिला म्हटलं, सोड गं पोरीला. ही म्हणाली, मी कुठे धरलंय? मीच कधीची म्हणतेय, घेऊन जा हिला, रडून रडून थकलीय माझी पोर. तुम्हीच ठेवलंत ना इथे.

हो. मीच.

मग हळूच म्हणाली, हिला न्या, पण जाताना मला पुसू नका हो.

शनिवार, २३ मार्च

बाईंनी आज माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि खाली गेल्या.

टकळीला फोन केला. ताईने फोन तिच्या कानाला धरला. ती नुसती श्वास घेत होती. काय बोलावं? आयुष्यभराचं बोलणं एका फोनमध्ये कसं मावणार? सांगितलं की कान झाकून फिर. गणिताला घाबरू नको. आत्याला उलट बोललीस तरी चालेल, पण लगेच सॉरी म्हण. तुझी आई तुझ्यासारखीच बडबडी होती. तू झालीस तेव्हा मी दवाखान्याच्या जिन्यात वेड्यासारखा गात सुटलो होतो. मला तू फार आवडतेस. फार. हे पुन्हा पुन्हा सांगितलं, ताईला वाटलं असेल मी पिऊन आलोय.

फोन ठेवल्यावर माइक लावला. हिची ती घड्या घालतानाची चाल गुणगुणलो. मग माझं नाव, हिचं नाव, टकळीचं खरं नाव. मग जे सुचलं ते.

फाइल मावशीवर टाकली —

पट्टी भरली. मागे आली नाही.

टकळीची फाइल बाहेर आली. डिस्कवर तिचं काही नाही. बघितलं, दोनदा बघितलं. नाही.

अरे वा म्हणायला तोंड उघडलं —

नाही.

रविवार, २४ मार्च

डिस्क लावली. माझा आवाज आहे तिथे. हिला शिंप्याची गंमत सांगतोय. ही हसतेय. घड्या घालू लागू का, विचारतोय. दोघं किती छान बोलतात. मी टेबलावर थाप मारली, पुन्हा मारली. त्यांना ऐकू गेलं नाही. बाहेर कुणी आहे, हे त्यांना माहीतच नाही —

फोन. ताईचा नंबर.

टकळी! खणखणीत! बाबा, ऐक, मी बोलतेय, बोलतेय मी! सकाळी उठले आणि आलाच, एकदम, आत्या रडायला लागली आणि मीच तिला गप्प केलं —

बोल बाळा. बोल.

शाळेचं सांगतेय. डॉक्टरांचं. स्वप्नात आई दिसली होती म्हणते, अंधार होता पण आई होती, तू पण सांग ना बाबा तुला कधी —

थांबली.

विचारतेय, बाबा, आहेस ना? बाबा, बोल ना. रागावलास? मी काय केलं?

नाही गं, नाही, तू काही नाही — मी हे लिहितोय, तुला ऐकू जात नाही, मी इथेच आहे, फोन कानालाच आहे, टकळी, ठेवू नको, ठेवू नको, मी —