कूपनावरचं नाव

यवतमाळ,
२५ जानेवारी २००६

तीर्थस्वरूप सुनीतीताईस श्रीकृष्णचा वाकून नमस्कार (कंबर परवानगी देते तेवढाच वाकून).

आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझ्या गुडघ्याचं कसं काय? नागपूरची थंडी त्याला मानवत नाही हे ठाऊक असूनही तू पहाटे फिरायला जातेस, असं भाऊजींनी फोनवर सांगितलं. ऐकणार नाहीसच, पण मोजे तरी घालत जा. संक्रांतीच्या वड्या पोचल्या. आमच्या लेकीनं, मितालीनं, डबा स्वतःच्या कपाटात ठेवल्यामुळे त्या कशा झाल्यात, हे मला फक्त वासावरून सांगता येईल.

तुझं पत्रही पोचलं. तू पेपरासाठी रचतेस त्या रविवारच्या शब्दकोड्याची वीसच्या वीस उत्तरं स्पष्टीकरणासह अचूक पाठवणारा सगळ्या विदर्भात मी एकटाच निघालो, अकरा आडव्याचं स्पष्टीकरण वाचून तुझे डोळे भरून आले, आणि लहानपणी मला ढ म्हटल्याबद्दल तू माफी मागितलीस. ताई, हे पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. का, ते सुरुवातीपासून सांगतो. चहा घेऊन बस.

आमच्या कापूस खरेदी केंद्रावर यंदा काय चाललंय ते तू पेपरात वाचतेसच. भाव पडलेला, आणि बैलगाड्यांची रांग फाटकापासून लोहाऱ्याच्या वळणापर्यंत. एका गाडीचा नंबर लागायला तीन-तीन दिवस जातात. रिकाम्या पोत्यांचा बारदाना संपला की काटा बंद, आणि काटा बंद पडला की सगळ्यांच्या शिव्या मला, कारण पावत्या मी लिहितो. अशा दिवसांत तुझं कोडं हाच माझा विसावा. दर सोमवारी रविवारचा अंक घेऊन मी व्हरांड्यात बसतो आणि सहकाऱ्यांना समजावतो, की सूत्राच्या एका टोकाला अर्थ असतो आणि उरलेल्यात कृती. ‘नदी उलटी वाहिली की गरीब’, अक्षरं दोन. नदी उलटी केली, दीन झालं, गरीब मिळाला. (हे एकच उदाहरण मी इतक्यांदा दिलंय, की नदी म्हटलं की कापसाची प्रत ठरवणारा आमचा ग्रेडर अनिकेत चप्पल शोधायला लागतो.) त्यात मी पदरचा एक नियम घातला होता. कापसात पाला असतो तसे सूत्रातले निम्मे शब्द नुसते दिशाभुलीचे असतात, ते खुशाल फेकून द्यायचे. हा नियम मी तुला कधी कळवला नाही, ते बरंच झालं.

तर डिसेंबरातल्या एका सोमवारी अकरा आडवं आलं. ‘वनवासी राणी विरजलेलं घेऊन पहिल्या वेचणीला शेतात’, अक्षरं चार. मी पेनानं, पेन्सिलीनं नव्हे, दमयंती लिहून टाकलं. राणी होती, वनात भटकली होती, अक्षरंही चार. विरजलेलं काय, वेचणी काय, सगळा पाला. मी हे रंगवून सांगत होतो, तेवढ्यात व्हरांड्याला लागून उभ्या असलेल्या सत्तेचाळीस नंबरच्या गाडीवरून, कापसाच्या ढिगावर बसलेल्या एका बाई म्हणाल्या, “बाबूजी, थे तं सीतादही हाय. दमयंतीनं कायले दही आनलं असतं?”

या शकुबाई. कळंब तालुक्यातल्या, चौथी शिकलेल्या, साठीच्या. सोबत नवरा पुंडलिकराव. (हे गृहस्थ तीन दिवसांत माझ्याशी एकदाच बोलले, ते ‘काडीपेटी हाय का’ एवढंच.) पहिल्या वेचणीच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवून सीतादही करतात हे तुला आजोळी पाहून ठाऊक. मी एकोणीस वर्षं कापसाच्या पावत्या लिहितोय आणि कापूस वेचायला सुरुवात कशी होते हे मला ठाऊक नव्हतं. मी आपला दमयंतीची बाजू घेऊन भांडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि उरलेली सूत्रं वाचायला सांगितली.

ताई, त्यापुढचे दोन दिवस मी विसरणार नाही. उत्तर सुचलं तरी बाई थांबायच्या नाहीत, प्रत्येक शब्दाला त्याचं काम विचारायच्या. राणी कशाला, तर सीतेसाठी. विरजलेलं कशाला, तर दह्यासाठी. घेऊन कशाला, तर दोघं शेजारी बसावीत म्हणून. एकही शब्द बेकार बसलेला त्यांना चालत नसे. माझा पाल्याचा नियम ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “या बाईच्या कोड्यात पाला नसते बाबूजी, सारा कापूसच असते. हातानं वेचलेला हाय.” तुझ्या वीस वर्षांच्या कामाबद्दल इतकं खरं मी कोणाकडून ऐकलं नाही, माझ्याकडूनही नाही. मला तुम्हा दोघींचा एकदमच अभिमान वाटला.

त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. वीस स्पष्टीकरणं झाली. शेवटी उत्तरांसोबत पेपरला पाठवायच्या कूपनावर नावाची रेघ आली आणि तिथं माझा हात सवयीनं चालला. आमच्याकडे पावतीवर नाव कोणाचं, तर ज्याचा सातबारा त्याचं. कापूस वेचला कोणी हा रकानाच नाही. शकुबाईंच्या गाडीची पावतीही मी पुंडलिकरावांच्या नावानं फाडली, आणि त्याच पेनानं, त्याच बैठकीत, कूपनावर माझं नाव टाकलं. अंक माझा, वर्गणी माझी, म्हणून पीकही माझं. दोन अक्षरांनंतर थांबलो होतो, खोटं नाही सांगत. पण त्याच म्हणाल्या, “पेपर तुमचा, मंग नाव तुमचंच राहीन नं.” त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, आणि मला ते सोयीचं पडलं.

पुढचं तू केलंस. नाव छापलंस, आणि इथं माझा सत्कार ठरला. परवा सोमवारी दुपारी काट्याशेजारी शाल आणि नारळ. केंद्रप्रमुखांनी मला विदर्भाचं भूषण म्हटलं. इतक्यात अनिकेतनं (नदीचा सूड म्हणूनच) ताज्या अंकातलं सूत्र वाचून ते सोडवून दाखवायची विनंती केली. ‘काका, कडी उघडा, आत कोशिंबिरीची आहे’, अक्षरं तीन. शाल पांघरून मी काका या नात्यावर दहा मिनिटं बोललो. कडी पाला म्हणून फेकली. मग पुन्हा काकांकडे वळलो. माणसं वाट पाहत होती.

दुसरी गाडी घेऊन शकुबाई रांगेत होत्या. त्या उभ्या राहून मोठ्यानं म्हणाल्या, “बाबूजी, तुम्हीच तं मले सांगतलं होतं, शब्दाच्या पोटात पाहाव म्हनून. काकडी हाय थे.” टाळ्या झाल्या. त्या मला झाल्या, गुरू म्हणून. मी त्यांना असलं काही शिकवलं नव्हतं. ज्या बाईचं नाव मी ढापलं तिनंच मला झाकलं, आणि ताई, मला फार लाज वाटली.

म्हणून हे पत्र. तू माफी मागे घे. ढ म्हणाली होतीस ते बरोबरच होतं.

गुडघ्याला जप. भाऊजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
श्रीकृष्ण

ता. क. – खरं काम हे, की येत्या रविवारी दुरुस्ती छाप. अचूक उत्तरं शकुबाईंची, तालुका कळंब. माझं नाव लेखनिक म्हणूनही नको. केंद्रावर हसतील, हसू देत.

ता. क. २ – शाल मी त्यांना द्यायला गेलो. त्यांनी अंगठ्यानं चोळून पाहिली, यात सूत नाही म्हणाल्या आणि परत केली. नारळ पुंडलिकरावांनी ठेवून घेतला.

ता. क. ३ – अंकाची वर्गणी आजच शकुबाईंच्या नावानं भरली. कळंबच्या एसटीनं पेपर जाईल. आता आमच्या केंद्राच्या कायद्यानंही पीक त्यांचंच.

ता. क. ४ – नाव छापून येणार हे सांगितलं तेव्हा आधी म्हणाल्या, काय करा लागते नाव छापून. मग बैलांना पाणी दाखवून आल्या आणि हळूच विचारलं, माझं नाव लिहायला तुमच्या कोड्यातली घरं किती लागते? मी मोजून सांगितलं, चार. त्यांनी बोटांवर पुन्हा मोजलं. “चारच? मंग मावते कुठंही.”